पिवळं बोट

त्याला लॅपटॉप म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. मांडीवर घेतला असता तर मांडीला इस्त्री झाली असती. कौस्तुभने कॉलेजात असताना खेळ खेळायला म्हणून हट्टाने घेतलेलं ते धूड आता त्याच्या आईच्या टेबलावर ऐसपैस पसरलेलं असे. चालू केलं की आतले पंखे गिरणीसारखे घरघरायला लागत आणि बटणांखाली लाल, निळे, जांभळे दिवे पळत सुटत. गणपतीच्या मांडवात बसून टायपिंग केल्यासारखं वाटे.

पण उज्ज्वला शेटेचा त्या धुडावर भारी जीव होता. बटणं मोठी, मोकळीढाकळी. बटणांच्या अलीकडे दोन्ही मनगटं निवांत टेकतील एवढी जागा. टेबल जुन्या टाइपरायटरच्या मापाचं, जरा बुटकं, त्यामुळे कोपर बरोबर काटकोनात येई. कराडच्या बाजारपेठेत तिने आणि तिच्या नवऱ्याने, सदानंदने, टायपिंग इन्स्टिट्यूट चालवून निम्म्या तालुक्याची बोटं सरळ केली होती. पुढे लोक यंत्राशी बोलून कामं उरकायला लागले, इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं, आणि तरीही टायपिंग उज्ज्वलाला सुटलं नाही. सध्या एका साखर कारखान्याची हाताने लिहिलेली जुनी इतिवृत्तं तिच्याकडे टाइप करायला होती. जुन्या कार्यकारी संचालकांच्या अक्षरापुढे भल्याभल्या यंत्रांनी हात टेकले होते. उज्ज्वलाने टेकले नव्हते. सकाळचं आवरून ती टेबलाशी बसे आणि दुपारच्या चहापर्यंत बोटं लोण्यात सुरी फिरावी तशी फिरत राहात.

या सुखामागे एक कारागिरी होती. कीबोर्डमधल्या त्या व्यवस्थेला कंपनीने 'वळण' असं नाव दिलं होतं. प्रत्येक बटणाखाली एक इवलं चुंबक आणि तारेचं एक वेटोळं. बोट किती जोराने आलं, किती खोल गेलं, केव्हा उठलं, हे सगळं ते चुंबक टिपून ठेवी. मग वेटोळ्यातून कमीजास्त वीज सोडून बटण मऊ किंवा ताठ करता येई. एखादं बोट अशक्त असलं तर त्याच्या वाट्याची बटणं हलकी होत. बोट थरथरून एकच अक्षर दोनदा दाबलं गेलं तर दुसरं गिळलं जाई. बोट मागे रेंगाळलं तर वळण त्याच्यासाठी थांबे आणि अक्षरं योग्य क्रमाने लावून घेई. सासूने सुनेच्या चुका पोटात घालाव्यात तसं. फक्त हे खरोखर घडत होतं. महिना-दोन महिने वापरलं की कीबोर्ड माणसाचा हात ओळखायला लागे, आणि मग दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डवर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून लग्नाला जाणं.

हाताची ही ओळख लॅपटॉपमध्ये नसे, ती माणसाच्या खात्यात असे. पुण्यात ऑफिसच्या कीबोर्डवर आपलं खातं उघडलं की तिथेही तोच हात हजर. एक खातं एकाच माणसाने वापरावं, असं कंपनीने बजावून सांगितलं होतं. पण आपल्याकडे एका घरात पेपर एक येतो, टूथपेस्ट एक असते आणि पासवर्डही एकच असतो. कौस्तुभ घर सोडून गेला, जाताना धूड मागे ठेवून गेला, आणि उज्ज्वला सरळ त्याच्याच खात्यावर बसून टाइप करायला लागली. घरातल्या घरात वेगळं खातं कशाला काढायचं?

काही दिवसांतच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. स्पेसचं लांब बटण डाव्या टोकाला हलकं लागत होतं. स्पेस उजव्या अंगठ्याने द्यायची, हा टायपिंगचा पहिला धडा. तिने तो हजारो पोरांच्या गळी उतरवला होता, पोटच्या पोराच्या मात्र उतरला नव्हता. कौस्तुभ लहानपणापासून डाव्याच अंगठ्याने स्पेस द्यायचा. म्हणजे पुण्यात तो टाइप करत होता आणि त्याचा हात इथे, तिच्या बोटांखाली, येत होता.

तिला भरून आलं. फोनवर जे पोरगं रविवारच्या रविवारी "हो, जेवलो", "बरा आहे", "ठेवतो" एवढ्यावर बोळवण करायचं, ते इथे दिवसभर तिच्याजवळ असायचं. बटणं ताठ लागली की ती म्हणे, आज साहेब रागात आहेत. मऊ लागली की म्हणे, दमलंय बिचारं. हे चोरून बघणं आहे हे तिला कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांत अंतर असतं, आणि आईच्या बाबतीत ते अंतर जरा जास्तच असतं.

कौस्तुभने घर सोडायला कारणही असंच झालं होतं. सदानंदच्या घराण्यात मेंदूचा एक आजार चालत आला होता. आधी बोटं जड होतात, मग बोलणं, मग चालणं, मग सगळंच. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवावं तशी. चाळिशीत सदानंदच्या बोटांनी दगा दिला. टायपिंग शिकवणारा माणूस शर्टाच्या गुंड्या लावण्यासाठी बायकोपुढे उभा राहायला लागला. कौस्तुभ बारावीत असताना तो गेला. रक्ताच्या एका तपासणीने नाणं कुठल्या बाजूला पडलंय ते कळू शकत होतं, पण कौस्तुभने ठाम सांगितलं होतं, "मला कळून घ्यायचं नाही."

उज्ज्वलाला मात्र राहवलं नाही. त्याला डेंग्यू झाला तेव्हा लॅबमध्ये दिलेल्या रक्तातूनच तिने ती तपासणी गुपचूप करायला सांगितली. लॅबने संमतीसाठी कौस्तुभलाच फोन केला, आणि बिंग फुटलं.

"माझं मरण बघायची तुला एवढी कसली घाई झालीय गं, आई?" एवढंच तो म्हणाला. तपासणी त्याने रद्द करवली आणि आठवड्याभरात पुण्याला निघून गेला.

या दिवाळीनंतर मात्र बर्फ थोडा वितळला होता. एका रविवारी फोनवर तो आपणहून म्हणाला, "गार्गीशी लग्न करतोय. फाल्गुनात. तिला सगळं माहितीये. नाण्याचंसुद्धा."

"आणि ती हो म्हणाली?"

"म्हणाली, निम्मी शक्यता चांगलीच म्हणायची, आमच्या बँकेतल्या बढतीची त्याहून कमी आहे." तो हसला. किती दिवसांनी तिने त्याचं हसणं ऐकलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत 'त' मऊ लागायला लागला.

मराठी कीबोर्डवर 'त' आणि 'द' ही दोन्ही अक्षरं उजव्या हाताच्या अनामिकेच्या वाट्याला येतात; इंग्रजीत तीच बटणं 'एल' आणि 'ओ'. आधी तिला वाटलं भास असेल. पण आठवड्यागणिक ती दोन बटणं हलकी होत गेली, इतकी की नुसतं बोट टेकवलं तरी अक्षर उमटावं. शेवटी तिने पडद्यावर वळणाचं पान उघडलं. त्यावर दोन हातांचं चित्र असे. सगळी बोटं हिरवी होती आणि उजवी अनामिका पिवळी. खाली लिहिलं होतं : 'या बोटाला जास्त मदत दिली जात आहे.' त्यापलीकडे काही नाही. कसला आजार, कसलं काय, यावर तर्क करायला कंपनीला कायद्याने मनाई होती.

उज्ज्वलाने पान मिटलं. सदानंदची सुरुवात उजव्याच हातापासून झाली होती.

आता करायचं काय? सांगावं, तर आपण त्याच्या हातावर पाळत ठेवून होतो हे सांगावं लागणार. एकदा त्याने घर सोडलं होतं, या वेळी आईलाच सोडलं असतं. शिवाय त्याला कळून घ्यायचं नव्हतं, हे त्याने एकदा नाही, शंभरदा सांगितलेलं. आणि न सांगावं, तर उद्या त्या गार्गीच्या पोटी मूल आलं म्हणजे? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली. ती रोज टेबलाशी बसे, कारखान्याच्या ठरावांत 'त' आला की बोट टेकवे, आणि कालच्यापेक्षा तो किती मऊ लागतोय ते ताडून बघे.

न राहवून ती मेंदूच्या विकारांचे डॉक्टर मुजावर यांच्याकडे गेली. नात्यातल्या एका मुलाचं म्हणून विचारलं.

"असे कीबोर्ड आमच्या आधी ओळखतात, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "बोटांच्या हालचालीतला बारीक फरक माणसाला स्वतःला जाणवायच्या कितीतरी आधी त्यात दिसतो. उलट मदत एवढी छान मिळते की त्याला स्वतःला पत्ताच लागत नाही. पण कारणं दहा असू शकतात. हात बघितल्याशिवाय मी काय सांगणार? त्यांना घेऊन या."

"तो यायचा नाही."

ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा डॉक्टरांनी हाक मारली. "मॅडम, तुमची स्वतःची तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय!" म्हणत ती बाहेर पडली. पोराचं बघायचं सोडून हे माझं काय विचारत बसलेत, असं तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात गार्गी एकटीच दारात उभी राहिली. उज्ज्वलाने तिला फोटोतच पाहिलं होतं. डोळे रडून सुजलेले, खांद्यावर एक पिशवी.

"काकू, मी न सांगता आले. चालेल ना?"

"अगं, ये की आत. एकटीच? कौस्तुभ कुठाय?"

गार्गी आत येऊन टेबलाजवळच्या खुर्चीत बसली आणि एकदम म्हणाली, "त्याने लग्न मोडलंय. कारण सांगत नाही. जेवत नाही. नुसता हाताकडे बघत बसतो. परवा तो झोपला तेव्हा मी त्याचा कॉम्प्युटर बघितला. चूक केली, पण बघितला. त्यात हातांचं एक चित्र आहे. त्यात एक बोट–"

"पिवळं आहे," उज्ज्वला म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. उज्ज्वलाने सगळं सांगितलं, स्पेसच्या डाव्या टोकापासून ते 'त'पर्यंत. "त्याच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं गं. मी रोज बघत होते आणि तोंडाला कुलूप लावून बसले होते."

गार्गी रडली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली. "पण काकू, त्याच्या हाताला काहीच झालेलं नाहीये. मागच्याच महिन्यात माझ्या साखळीचा तुटलेला फासा त्याने चिमट्याने जोडून दिला. केसाएवढा असतो तो. मी समोर बसले होते, हात जरासुद्धा हलला नाही. चित्र बघेपर्यंत त्याची काही तक्रारही नव्हती. फक्त म्हणायचा, हल्ली 'एल' आणि 'ओ' बोट न लावताच पडतात."

"म्हणजे?"

"म्हणजे बटणं त्याला नको इतकी मदत करतायत." गार्गीने लॅपटॉपकडे पाहिलं. "काकू, तुम्ही यावर रोज किती वेळ टाइप करता?"

"सकाळपासून चहापर्यंत. का?"

"आणि खातं त्याचंच."

त्याचा हात इकडे येतो हे उज्ज्वलाला पहिल्यापासून माहीत होतं. तिचा हात तिकडे जात असेल, हे मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दार आपल्याच बाजूने उघडतं, असं तिने धरून ठेवलं होतं.

गार्गीने लॅपटॉप पुढे ओढला आणि एक नवं, कोरं खातं उघडलं. हात न ओळखणारं, कुठल्याच बोटाला मदत न करणारं. "यावर लिहा. काहीही."

उज्ज्वलाने मनगटं टेकवली. बटणं दगडासारखी लागली. आदल्या दिवशीचाच ठराव तिने पाठ म्हटल्यासारखा टाइप करायला घेतला, तातडीची सभा कोरमअभावी तहकूब करण्यात आली आणि पुढे दोन-चार ओळी. नजर सवयीने कागदाच्या जागी, पडद्याकडे नाही. मग तिने मान वर केली.

कुठे 'त' उमटलाच नव्हता. कुठे तीन-तीन उमटले होते. 'द' शेजारच्या अक्षराला मागे टाकून भलतीकडेच जाऊन बसला होता. इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या आठवड्यातल्या पोराने असा कागद आणला असता तर तिने तो परत केला असता.

तिने पुन्हा टाइप केलं, सावकाश, बोटाकडे बघत. उजवी अनामिका निघायला उशीर करत होती, आणि निघाली की बटणावर थरथरत राहात होती. तिचीच अनामिका. मग एकेक आठवायला लागलं. बँकेत सही बारीक होत चालली म्हणून कारकुनाने दोनदा परत केली होती, तिने पेनला दोष दिला होता. डबे उघडायला जड जात होते, तिने डब्यांना दोष दिला होता. डॉक्टरांनी दारात का हाक मारली, तेही कळलं. टायपिंग मात्र कधी अडलं नव्हतं. टायपिंग अडलं असतं तर तिला त्याच दिवशी समजलं असतं. नेमकं तेच त्या यंत्राने अडू दिलं नव्हतं.

आणि सदानंदच्या घराण्याचं रक्त तिच्या अंगात नव्हतं. हे जे काही होतं ते तिचं स्वतःचं होतं, कुणाकडून आलेलं नव्हतं.

उज्ज्वला हसायला लागली. आधी हळू, मग खदखदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गार्गी घाबरून उठली.

"काकू! काकू, पाणी आणू का?"

"अगं, माझं आहे ते!" तिने गार्गीचे दोन्ही हात धरले. "माझं आहे! त्याचं नाहीच! फोन लाव त्याला, लाव आधी!"

गार्गीने लावला. उज्ज्वलाने एका दमात सांगून टाकलं. मग कौस्तुभ म्हणाला, "तू माझ्या खात्यावर होतीस. इतके दिवस."

"हो."

"एकदा पुरलं नव्हतं?"

"नव्हतं," ती म्हणाली. "शिव्या दे मला. पण हाताकडे बघणं बंद कर."

फोन कट झाला. गार्गी कानकोंडी होऊन बसली. उज्ज्वलाने तिच्यासाठी चहा टाकला, आणि साखरेचा डबा उघडत नव्हता म्हणून तो सरळ तिच्या हातात दिला.

डॉक्टर मुजावरांनी दोन दिवसांनी तपासलं. बोटं एकमेकांवर आपटायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. चालताना उजवा हात हलत नव्हता. "कंपवात, मॅडम. सुरुवातच आहे," ते म्हणाले. "औषधं आहेत, चांगली आहेत. बरीच वर्षं कामं करत राहाल. पण हा बरा होणारा आजार नाही. यजमानांच्या आजाराशी याचा संबंध नाही." शेवटचं वाक्य तिने पुन्हा म्हणायला लावलं. डॉक्टरांनी म्हटलं.

घरी परतली तर पायरीवर कौस्तुभ बसलेला. गार्गी आत होती, पण तो आत गेला नव्हता. वाळला होता, दाढी वाढली होती. उज्ज्वला त्याच्या शेजारी बसली.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

"माझं नाणं अजून हवेतच आहे," तो म्हणाला. "तुझं निघालं म्हणून माझं नाही, असं होत नाही."

"माहितीये मला."

"कधी बघायचं, बघायचं की नाही, ते मी ठरवणार. मी आणि गार्गी."

"तुम्हीच ठरवा. मी विचारणारसुद्धा नाही." ती थोडं थांबली. "म्हणजे, विचारावंसं वाटेल. पण विचारणार नाही."

त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि तसंच विझलं. तिचा उजवा हात त्याने आपल्या हातात घेतला. अनामिका त्याच्या तळव्यात आपली आपण थरथरत होती. आता ती थांबवायला कुठलंच बटण नव्हतं. त्याने मूठ मिटली तरी थरथर आतून लागत राहिली.

"आई," तो म्हणाला. "परवा तू फोनवर सांगितलंस ना, हे तुझं आहे म्हणून. मी फोन ठेवला तो रागाने नाही. मला हायसं वाटलं. पहिल्यांदा तेच वाटलं. तुला एवढं झालंय आणि मला हायसं वाटलं. कसला मुलगा आहे मी?"

"माझा," उज्ज्वला म्हणाली. "मलाही पहिल्यांदा तेच वाटलं."